डॉक्टरांनी सोडलेला चहा

"किती कप?"

आमच्या डॉक्टरांचा रोग्याला पहिला प्रश्न हा. नाव, गाव, काय होतंय, हे सगळं मागाहून. माणूस बाकावर टेकायच्या आत ते चष्म्याच्या वरून बघत विचारायचे, "दिवसाचे किती कप?" पोटातली कळ दाबून होडीनं खाडी ओलांडून आलेला माणूस गोंधळून जायचा. कोणी म्हणे दोन, कोणी चार. चार म्हणणाऱ्याला डॉक्टर सांगत, "म्हणजे आठ." मग टेबलावरचं पोस्टकार्ड उचलून त्याच्या पसरलेल्या बोटांवर आडवं ठेवत. कार्ड थरथरलं की यांना बरं वाटायचं. नंतर तेच कार्ड स्वतःच्या बोटांवर ठेवून दाखवत. ते तर खालीच पडायचं. "माझे चौदा," असं म्हणून ते शांतपणे कार्ड उचलून घेत आणि मला हाक मारत, "कंपाउंडर, पाणी उकळलं का?"

उकळलेलंच असायचं. तो स्टोव्ह विझल्याचं मला आठवत नाही. मी औषधं घोटायला नोकरीला लागलो होतो आणि निम्मा जन्म चहा गाळण्यात गेला.

दिघीहून खाडीच्या काठाकाठानं आत गेलं की एक कोळीवाडा लागतो. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला ओळखतात. वाड्याच्या वर, चढावर, मुंबईतल्या कोणा दानशूर माणसाच्या पैशावर चालणारा एक दवाखाना होता. कौलारू, दोन खोल्यांचा, पुढे लांब पडवी. मी सांगतोय ते मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीच्या दोन-चार वर्षांतलं. डॉक्टर देशावरचे, पन्नाशीचे, उंच आणि पोक काढून चालणारे. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही. कोळणींनासुद्धा "अहो बाई, तुम्ही" म्हणायचे. त्या पदराआड हसायच्या. माणूस मात्र कायम दमलेला. सकाळी उठायचा तोच दमलेला. तुमच्याही पाहण्यात असे कोणी असतील, कामाला कधी नाही म्हणत नाहीत आणि प्रत्येक काम हे शेवटचं अशा चेहऱ्यानं करतात.

चहा तेव्हा आमच्याकडे नवा होता. चहाच्या कंपनीचे लोक मोठी किटली आणि पत्र्याचा रंगीत फलक घेऊन बंदरावर आले, आठ दिवस फुकट पाजला आणि गेले. नवव्या दिवशी अख्खं बंदर डोकं धरून दुकानात पुडी मागायला. जुनी माणसं म्हणत, हे विष आहे. कंपनीवाले म्हणत, अमृत आहे. डॉक्टरांना विचारलं तर ते दोघांनाही वेड्यात काढत.

"चहानं थकवा जात नाही," ते म्हणायचे. "थकवा आलाय हे कळेनासं होतं, इतकंच. मला तेवढंच पुरतं."

कपाटात एक तपकिरी बाटली होती, कॅफीनची. चहातला आणि कॉफीतला अर्क तो हाच. पांढरी भुकटी, जिभेवर ठेवली तर कडूजहर. डोकेदुखीच्या पुडीत ती थोडी घालायची, पाय सुजलेल्याला लघवी साफ व्हावी म्हणून द्यायची, नाडी बुडत चालली की टोचायची. जास्त झाली तर छाती धडधडते, हात कापतात, कानात आवाज येतात, झोप उडते, आणि फारच झाली तर आकडी येते. हे सगळं मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. डॉक्टर येईल त्याला समजावून सांगत बसायचे, ते ऐकून ऐकून पाठ झालं. समजावून सांगायची त्यांना भारी खोड. रोग्याला कळो न कळो, त्याच्या पोटात काय चाललंय ते कागदावर चित्र काढून दाखवल्याशिवाय त्याची सुटका नसे.

रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत खाडीपलीकडचे खलाशी दुपारी कपाळ आवळून यायचे. त्यांना वाटे उपासानं होतंय. डॉक्टर म्हणत, "उपासाचं नाही, हे सकाळच्या चहाचं दुखणं आहे. पुढच्या वर्षी महिनाभर आधीपासून रोज अर्धा अर्धा कप कमी करत या." त्या खलाशांचा म्होरक्या, एक म्हातारा तांडेल होता, त्यानं खरंच तसं केलं आणि पुढच्या रमजानात मुद्दाम होडीतून सांगायला आला की डोकं दुखलं नाही. डॉक्टर त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी दोन कप जास्त घेतले.

आता कोळीवाड्यातल्या पारूच्या मुलीचं सांगतो.

कोळीवाड्यात तान्ह्या पोरांना अफू देत. वाईट बायका नव्हत्या त्या. पहाटे होड्या लागल्या की मासळी निवडायची, खारवायची, वाळत घालायची, टोपली डोक्यावर घेऊन तळा गावच्या बाजारापर्यंत जायचं. पोर घरी म्हातारीजवळ. म्हातारीला धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही. म्हणून सकाळी मोहरीएवढी गोळी दुधात किंवा बोटावर चाटवायची, की पोर दुपार टळेपर्यंत निपचित. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पारूची सासू हिराबाय, तिनं आपली सगळी पोरं अशीच वाढवलेली.

एका सकाळी, नवाच्या सुमारास, पारू तीन महिन्यांच्या मुलीला पदरात धरून चढ चढत आली. मागून हिराबाय काठी टेकत. मुलगी निळी पडली होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास एक गेला की दुसरा येईल का याची वाट बघावी लागत होती.

डॉक्टरांनी कोट काढून जमिनीवर फेकला. पोटात नळी घालून परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यानं पोट धुतलं. तोंडाला तोंड लावून फुंकर घालत राहिले. मला म्हणाले, "कॅफीन तोला." मी केवढासा कण तागडीत ठेवला. तीनदा तोलला. ते टोचलं, मग कडक कोरा चहा निववून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब जिभेवर. तळपाय चोळायचे, चिमटे काढायचे, पुन्हा फुंकर. डॉक्टरांची पाठ घामानं भिजली. अकरा वाजले, बारा वाजले. पडवीत अख्खा वाडा जमला होता. दोन वाजून गेल्यावर मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीकसं रडली. पारू खालीच बसली.

डॉक्टर हात पुसत पडवीत आले. इतका दमलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तिथं त्यांनी गप्प राहायला हवं होतं. पण नाही. समजावून सांगायचं ना!

"अफू झोपवते," ते म्हणाले, "आणि चहा उठवतो. आज चहा जिंकला, एवढंच झालं."

बायकांनी माना हलवल्या. हिराबायनं ते वाक्य आपल्याशी पुटपुटून पाहिलं. मी पाहिलं ते. मला तेव्हा काही वाटलं नाही, उगाच शहाणपण सांगत नाही. मीही खुशीतच होतो.

पाच महिने गेले. एक दिवस वाड्यातली एक बाई आली. तरणीताठी, अंगात ताप नाही, काही नाही. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "कंपोंडर, ती सफेद भुकटी द्या थोरी."

"कसली भुकटी?"

"तीच. पारूच्या पोरीला दिलेली. औंदा चायपुडी हलकी आलीय. दोन वाट्या पाजल्या तरी पोर डोला उघरत न्हाय."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर दारात उभे होते.

"बाई, पोराला चहा कधी पाजता?"

"सांजच्याला. दूध पाजायचा असते ना, त्याच्या आधी."

"आणि अफू?"

"ती सकालची."

"रोज?"

"व्हय. सगल्यांच्यात तसाच हाय." आणि तिनं शाळेतल्या मुलीनं धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं, "आफू झोपवते, चाय उठवते. तुमीच सांगलाव ना."

तिला काहीतरी सांगून मी परत पाठवलं. डॉक्टर खुर्चीत बसून होते. पुढ्यात चहा होता, वर साय धरली होती. त्यांचा चहा गार झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

कप बाजूला सारून ते म्हणाले, "कंपाउंडर, यांना पूर्वी भीती होती. गोळी मोठी झाली तर पोर उठणार नाही, ही भीती. म्हणून मोहरीएवढीच द्यायच्या. ती भीती मी काढून घेतली."

"तुम्ही तर पोर वाचवलंत."

"एक वाचवलं." ते चष्मा पुसायला लागले. "अफू आणि कॅफीन एकमेकांना खात नाहीत हो. दोघं मिळून पोराला खातात. पाच शेराचा जीव, त्याला मोठ्या माणसाच्या दोन वाट्या. काळीज कसं धावत असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाड्यात घरोघर गेलो. अकरा घरांत तान्ही मुलं होती. अकराही घरांत सकाळी गोळी, संध्याकाळी कोरा चहा. गोळी आता मोहरीएवढी राहिली नव्हती, ज्वारीच्या दाण्याएवढी झाली होती. मुलांची अंगं धरत नव्हती. एका पोराची मूठ झोपेतसुद्धा थडथडत होती. डॉक्टर प्रत्येक नाडी मोजत गेले आणि चढ चढताना माझ्या खांद्याला धरून दोनदा थांबले. त्यांचं हृदय लहानपणी संधिवाताच्या तापानं गेलेलं होतं. हे त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं, तेही दुसऱ्याच्याच दुखण्याबद्दल सांगावं तसं.

मला वाटलं आता ते रागावतील, दम देतील. पाटलाला बोलावून सगळ्यांना सज्जड दम भरावा असं माझं मत होतं. पण त्यांच्या डोक्यात भलतंच. त्यांनी वाड्याच्या मधल्या अंगणात लहान शेगडी मांडली, सगळ्या बायकांना बोलावलं. लोखंडी पळीत चहाची भुकटी घेतली, मंद आचेवर धरली आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला. थोड्या वेळानं पेल्याच्या आत बारीक पांढऱ्या सुया जमायला लागल्या, रेशमाच्या तुकड्यांसारख्या. खरंच सुंदर दिसत होतं. बायका पुढे सरकल्या.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले. "हे चहात लपलेलं असतं. हे औषध आहे. मोठ्या माणसाला, मोजून, कधीतरी द्यायचं. हे तुम्ही रोज तान्ह्या पोराला देताय."

मग मागून कोणीतरी उत्साहानं म्हणालं, "म्हंजे दवाखान्यात यायाला नको. ही भुकटी घरीच कारता येते."

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. हसू येत होतं की रडू, देव जाणे. डॉक्टरांनी पळी खाली ठेवली. तेवढ्यात हिराबाय बोलली. म्हातारी फटकळ, पण वाईट मनाची नव्हती. "डागदर, तुमी दिसाचे चौदा पिता. तुमाला काय झालाय?"

डॉक्टरांनी पेला पुसला आणि शेगडी विझवली.

वाड्यात देवीचं एक लहान देऊळ आहे. तिच्यापुढे नारळ ठेवून बोललेलं कोणी मोडत नाही. जाळ्यावरून झालेली भांडणं असोत की सोयरीक असो, शेवटचा शब्द तिथं. डॉक्टर देवाधर्मातले नव्हते. संध्या नाही, पूजा नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानातून नारळ घेतला आणि मला म्हणाले, "चला." पाटील आला, बायका आल्या. डॉक्टरांनी जोडे काढले, नारळ ठेवला, आणि नेहमीच्या दमलेल्या आवाजात म्हणाले, "या वाड्यात जोवर एका घरात तरी पोराला गोळी देतात, तोवर मी चहा घेणार नाही."

बस्स. बायकांकडून काही वदवून घेतलं नाही, काही नाही.

परत येताना मी जाम चिडलो होतो. म्हटलं, "हा कसला सौदा? तुम्ही बांधले गेलात, त्या मोकळ्याच!"

"चूक माझी आहे."

"अहो पण त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तर मी चहा घेणार नाही," ते म्हणाले. जसं काही मीच मठ्ठ होतो.

खलाशांना अर्धा अर्धा कप कमी करा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं स्वतः एका दिवसात चौदाचे शून्य केले. दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं. ओला पंचा कपाळाला बांधून बसायचे. रोग्याची नाडी धरता धरता पेंगायचे, आणि रोगी बिचारा हात तसाच धरून बसून राहायचा. मला जन्मात कधी वाकडं बोलले नव्हते, ते "तुम्हाला बाटलीवर धड चिठ्ठी चिकटवता येत नाही" म्हणून ओरडले. चिठ्ठी सरळ होती. मीही फणकाऱ्यानं दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते दारात आले आणि म्हणाले, "चिठ्ठी सरळ आहे." मी त्यांच्या कपाळाचा पंचा पुन्हा भिजवून दिला.

मी माझा चहा मागच्या अंगणात जाऊन प्यायचो, वास त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून. चोरी केल्यासारखं वाटायचं.

बायका आधी गंमत म्हणून बघायला यायच्या. डागदर खरंच पीत नाही का, हे माझ्या स्टोव्हपर्यंत येऊन पाहून जायच्या. मग हळूहळू हसणं थांबलं. "डागदर सुकला," असं एकमेकींत बोलायला लागल्या. आणि एका सकाळी पारू आली. वर बघत नव्हती.

"बंद करतो आमी," ती म्हणाली. "मी तरी करीन म्हंतंय. पन मंग पोर ठेवू कुठं? डोक्यावर टोपली, काखेत पोर, तल्यापर्यंत कशी जाऊ?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे नाही म्हणून हलवली. त्यांनी ती हो अशी धरली.

आठ दिवसांत दवाखान्याच्या पडवीत झोळ्या लागल्या. जुनी शिडाची कापडं, वाशाला दोऱ्या. आधी तीन, मग पाच, मग नऊ. वाड्यातली एक विधवा बाई सोबतीला येऊन बसायची. बाकी आम्ही दोघं. एका झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी खलात औषध घोटायचो. अफू एकदम तोडता येत नव्हती. पोरं तडफडायची, हगवण लागायची. म्हणून प्रत्येकाची गोळी डॉक्टर स्वतः सुरीनं बारीक करत न्यायचे. आज अर्धी, चार दिवसांनी पाव, मग नखाएवढी, मग नाही. आणि चहा तर त्याच दिवसापासून बंद. नऊ पोरं एकाच वेळी रडायला लागली की मला नोकरी सोडून पळून जावंसं वाटायचं. डॉक्टर दोन्ही खांद्यांवर दोन घेऊन येरझारा घालायचे आणि खोकत म्हणायचे, "रडू द्या. रडतायत म्हणजे जागी आहेत."

आता मी हे प्रेमानं सांगतोय. तेव्हा नव्हतं प्रेम. तेव्हा नुसता वैताग होता.

तीन महिन्यांत अकरांतली दहा घरं सुटली. राहिलं एक, हिराबायचं. म्हणजे ज्या मुलीपासून हे सुरू झालं, तिचंच घर. पारूचं सासूपुढे काही चालत नव्हतं. ती टोपली घेऊन बाहेर पडली की म्हातारी नातीला गोळी द्यायची आणि दुपार कलली की कोरा चहा. दुसऱ्या कुणाच्या ताब्यात पोरगी द्यायची नाही, हा हट्ट.

डॉक्टर चारदा तिच्याकडे गेले. चौथ्या खेपेला मी बरोबर होतो. ते उंबऱ्याशी बसले, कारण उभं राहवत नव्हतं.

"हिराबाई, तुमची नात तुम्हीच माझ्याकडे आणलीत. आठवतंय ना?"

"आठवते म्हंजे? मेलेली पोर उठवलाव तुमी. मी मेले तरी इसरनार न्हाय," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "डोल्यांनी बघितलाय मी. म्हनून तर चाय देतंय."

डॉक्टरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते उठले. चढ चढायला त्या दिवशी आम्हाला अर्धा तास लागला.

पावसाच्या तोंडावर त्यांचे पाय सुजले. उताणं झोपता येईना, उशांना टेकून बसलेले असायचे. मुरुडहून एक डॉक्टर होडीनं आले, छाती ऐकली, मला बाजूला घेऊन मान हलवली. कॅफीन टोचत राहा म्हणाले, आणि हवा तेवढा चहा-कॉफी द्या, थोडी तरतरी राहील. डॉक्टरांनी सुई मुकाट्यानं टोचून घेतली. चहा म्हटल्यावर मान फिरवली.

मी म्हटलं, "अहो, सुईत आणि कपात तेच आहे, तुम्हीच शिकवलंत."

"सुईत औषध आहे. कपात सुख आहे," ते म्हणाले. "मी सुख सोडलंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात माझ्यासाठी चहा ठेवला होता. आत आलो तर ते जागे होते. नाक वर करून वास घेत होते. चेहरा इतका उतरला होता की नाकच मोठं दिसत होतं.

"आलं घातलंत?"

मला ते सहन झालं नाही. मी पलंगाशी बसलो आणि म्हटलं, "डॉक्टर, सांगायचं राहिलं. काल हिराबायनं गोळी बंद केली."

ते माझ्याकडे बघत राहिले. रोग्याकडे बघायचे तसे, चष्म्याच्या वरून.

"तुम्ही पाहिलंत?"

"अफूची डबी माझ्या हातात दिली," मी म्हटलं. कसं सुचलं कोण जाणे. मला एरवी साधी थापसुद्धा मारता येत नाही.

"म्हणजे अकरा झाली."

"अकरा झाली."

"मग आणा अर्धा कप," ते म्हणाले.

कप त्यांना धरवत नव्हता. त्यांच्या हातांखाली मी माझे हात धरले. ते डोळे मिटून, घोट तोंडात घोळवत, हळूहळू प्यायले. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "साखर कमी आहे, कंपाउंडर." चेहऱ्यावर नेहमीचा थकवा होता, पण त्यांना त्याचं काही वाटत नसावं असं दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ते गेले. वाड्यातल्या पुरुषांनी त्या दिवशी होड्या काढल्या नाहीत. त्यांना खांदा कोळ्यांनीच दिला.

मी मात्र सुन्न झालो होतो. देवीपुढचा शब्द मी त्यांना मोडायला लावला होता, आणि तोही फसवून. हे कोणाशी बोलता येईना. तिसऱ्या दिवशी मी खाली उतरलो आणि हिराबायकडे गेलो. ती अंगणात वाळलेले बोंबील सोडवत बसली होती. पारू बाजाराला गेली होती. मुलगी आत झोळीत निपचित.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिच्या नावानं मी काय बोललो, डॉक्टर काय म्हणाले, आणि चहा कसा प्यायले.

म्हातारीचे हात थांबले. "किती पेला?"

"अर्धा कप."

"बरा लागला त्याला?"

"साखर कमी आहे म्हणाले."

म्हातारी काठीवर जोर देऊन उठली, आत गेली, भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळेची बारकी डबी होती. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"त्याचा सबूद खोटा ठरवू नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः नातीला घेऊन चढ चढायला लागली. डबी माझ्याकडे. डॉक्टरांच्याच सुरीनं मी गोळी कमी करत नेली. बघून बघून शिकलेलो होतो. शेवटच्या कणानंतरचा दिवस फार वाईट गेला. मुलगी सकाळपासून रडत होती. अंग ताठ करून, लाल होऊन, कोणाच्याच खांद्यावर राहीना. हिराबायनं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी दोनदा नाही म्हटलं. जेवणवेळ टळली. मग रडून रडून ती झोपली, घामेजलेली, तोंडात मूठ घालून. साधी झोप. तरी आम्ही दोघं झोळीच्या दोन बाजूंना बसून तिचा श्वास मोजत होतो.

उन्हं उतरली. चहाची वेळ आली आणि गेली. "उठंल ना रं?" हिराबाय हळूच म्हणाली. मला काय माहीत? मी कंपाउंडर.

आणि मुलीनं डोळे उघडले. कोणी काही पाजलं नव्हतं, कोणी चिमटा काढला नव्हता. आपली आपण उठली, वाशाकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि भूक लागल्याचं तोंड केलं.

मी ताडकन उठलो आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, "डॉक्टर!" दोन पावलं आत गेलोही.

आत खुर्ची होती, एवढंच.